स्विचवरचं पॅकेट फिल्टरिंग : इंदुरातल्या शाळा, दवाखाने आणि कारखान्यांतून येणारे प्रश्न

इंदुरात मराठी मंडळींच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, सियागंजात दुकानं आहेत, सांवेर रोडला आणि पीथमपूरला कारखाने आहेत. यातल्या बहुतेक ठिकाणी नेटवर्क सांभाळणारा माणूस एकच असतो आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही त्यालाच काढावा लागतो. हे पान त्याच्यासाठी आहे. प्रश्न कानावर येतात तसेच ठेवले आहेत. कमांड प्रत्येक कंपनीच्या स्विचवर वेगळी असते, म्हणून इथे नियम साध्या भाषेत लिहिले आहेत. ते तुमच्या स्विचच्या भाषेत उतरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरा वेळ लागतो तो काय अडवायचं हे ठरवायला.

स्विचवर पॅकेट फिल्टर होतं म्हणजे नेमकं काय होतं?

स्विचच्या पोर्टवर, म्हणजे केबल लावायच्या भोकात, एक फ्रेम, म्हणजे पॅकेट गुंडाळून आणणारं वेष्टन, येते. तिच्या सुरुवातीला कोणाला आणि कोणाकडून हे सांगणारे सहा-सहा बाइटचे दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) असतात. मग आत काय आहे ते सांगणारे दोन बाइट, आणि त्यापुढे आयपीचा हेडर : पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, प्रोटोकॉलचा क्रमांक (टीसीपी ६, यूडीपी १७, आयसीएमपी १). टीसीपी किंवा यूडीपी असेल तर पुढे दोन पोर्ट क्रमांक (हे केबलचं भोक नव्हे, पॅकेट मशीनवरच्या कोणत्या सेवेचं आहे ते सांगणारे आकडे). स्विच एवढंच वाचतो. तुम्ही दिलेल्या यादीशी, म्हणजे एसीएलशी, ते वरून खाली ताडून बघतो आणि जो नियम पहिल्यांदा जुळेल तो लावतो. जुळला की पुढचे नियम बघितलेच जात नाहीत. एकही जुळला नाही, तर बहुतेक स्विचवर यादीच्या तळाशी न दिसणारा एक नियम बसलेला असतो : सगळं अडवा.

वाड्याच्या दारात असा पहारेकरी बसवला आहे असं समजा, जो पाकिटावरचा पत्ता वाचतो, पाकीट उघडत नाही, आणि आत्ताच कोणाला सोडलं हे पुढच्या क्षणी विसरतो. या विसराळूपणामुळे पुढे बऱ्याच भानगडी होतात, त्या खाली येतीलच.

आमच्याकडे चांगली फायरवॉल आहे. मग स्विचवर पुन्हा फिल्टर कशाला?

फायरवॉल बसते इंटरनेट आणि तुमच्या नेटवर्कच्या मध्ये. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवरून रिसेप्शनच्या कॉम्प्युटरकडे जाणारं पॅकेट स्विचवर येतं आणि स्विचवरूनच परत फिरतं. फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठ्या विश्वासाने घेतलेली, दरवर्षी लायसन्सचे पैसे खाणारी पेटी या वाहतुकीपुरती आंधळी असते.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते आठवा. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच मार्च २०१७ मध्येच दिला होता, पण जगभर लाखो मशीनवर तो बसवलेला नव्हता. एक मशीन बाधित झालं की ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पोर्टवरून, म्हणजे टीसीपी ४४५ वरून, शेजारच्या मशीनमध्ये आपोआप शिरत होतं. कोणी कशावर क्लिक करायची गरज नव्हती. ही शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारी उडी अडवायची जागा स्विच हीच आहे. एका कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरने दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ४४५ उघडायचं काही कारण असतं का? नव्वद टक्के ऑफिसांत नसतं.

पण म्हणून ४४५ सरसकट बंद करू नका. टॅलीचा डेटा सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून चालत असेल (आपल्याकडे तसाच चालतो), तर तोही ४४५ वरूनच जातो. दुपारी चारला जीएसटीचं रिटर्न भरताना टॅली बंद पडली की शेठजींचा फोन तुम्हालाच येणार. सर्व्हरकडे जाणारं ४४५ सोडा, बाकीचं अडवा. माझ्या मते एखाद्या ऑफिसने आयुष्यात एकच एसीएल लिहायची ठरवली, तर ती ही असावी.

आमचा स्विच हे करू शकतो का?

लॉगिन करायला पानच उघडत नसेल, तर तो अनमॅनेज्ड, म्हणजे काहीच सेटिंग नसलेला, आहे, तिथे विषय संपला. ब्राउझरमधून उघडणाऱ्या ‘स्मार्ट’ स्विचमध्ये बऱ्याचदा एसीएलचं एक पान असतं, कोणी कधी उघडलेलं नसतं इतकंच. लेअर तीनचा, म्हणजे आयपी पत्ते बघून वेगवेगळ्या नेटवर्कांत पॅकेट पोचवणारा, स्विच असेल तर सगळं आलं. विकत घेताना डेटाशीटमध्ये दोन गोष्टी बघा : एसीएल आहे का, आणि किती नियम मावतात. जेल रोडवरच्या दुकानदाराला हा दुसरा आकडा विचारलात तर तो गोंधळून तुमच्याकडे बघेल, पण डेटाशीटमध्ये तो सापडतो.

प्रत्येक पॅकेट तपासल्यावर नेटवर्क मंदावणार नाही का?

नाही, आणि यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण स्विचच्या मर्यादाही त्यातच आहेत.

एक गिगाबिटच्या एका पोर्टवर सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम भरभरून आल्या, तर सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम होतात. फ्रेमआधीचे आठ बाइट आणि दोन फ्रेममधली बारा बाइटची मोकळी जागा धरून हा हिशेब होतो. असे २४ पोर्ट. स्विचमधला छोटासा प्रोसेसर एवढ्या फ्रेम एकेक करून वाचूच शकत नाही. म्हणून यादी प्रोसेसरकडे दिलीच जात नाही. ती टीकॅम नावाच्या एका खास मेमरीत जाते. साध्या मेमरीला आपण जागा सांगतो आणि ती तिथला मजकूर देते. टीकॅमला मजकूर दाखवायचा आणि तिने जागा सांगायची. शिवाय तिच्या प्रत्येक बिटला तीन अवस्था असतात : शून्य, एक आणि ‘काहीही चालेल’. सगळ्या नियमांशी तुलना एकाच वेळी होते आणि सगळ्यात वरच्या जुळणाऱ्या नियमाचा निकाल लगेच मिळतो. त्यामुळे पाच नियम असोत की पाचशे, वेग तोच राहतो.

मात्र ही मेमरी महाग असते, वीज खाते आणि थोडीच असते. त्यातून एक गंमत होते. ‘पोर्ट १०२३ च्या वरचे सगळे’ हा तुमच्या दृष्टीने एक नियम. टीकॅमला मोठं-लहान कळत नाही, फक्त बिटचे साचे कळतात. म्हणून तिला १०२४ ते २०४७, २०४८ ते ४०९५ असे दुपटी-दुपटीचे सहा तुकडे करावे लागतात. एखादी वेडीवाकडी रेंज, समजा १ ते ६५५३४, तब्बल ३० तुकडे खाते. काही चिपमध्ये रेंजसाठी वेगळी सोय असते, पण तीही मोजकीच. मेमरी भरली की काही स्विच नवा नियम सरळ नाकारतात, काही मुकाट्याने ती वाहतूक प्रोसेसरकडे पाठवू लागतात, आणि मग मात्र नेटवर्क खरोखर रांगू लागतं. म्हणून ‘एसीएल लावल्यापासून स्विच हळू झाला’ असं कोणी म्हटलं, तर आधी टीकॅम किती भरली आहे ते बघा.

नियम लावायचा कुठे? पोर्टवर की व्हीलॅनवर? आणि इन की आउट?

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आखलेला मशीनचा वेगळा गट, जणू वेगळं नेटवर्कच. नियम लावायच्या तीन जागा असतात. एक, प्रत्यक्ष पोर्टवर : त्या भोकातून येणारी प्रत्येक फ्रेम तपासली जाते, मग ती त्याच व्हीलॅनमध्ये जाणार असो की बाहेर. दोन, पूर्ण व्हीलॅनवर. तीन, व्हीलॅनच्या इंटरफेसवर, म्हणजे जो पत्ता त्या मशीनचा गेटवे (गटाबाहेर जायचं दार) असतो तिथे. या तिसऱ्या जागी फक्त व्हीलॅन ओलांडणारी वाहतूक दिसते. एकाच व्हीलॅनमधली दोन मशीन आपसात बोलत असतील तर ती गेटवेकडे येतच नाहीत आणि तिथला नियम त्यांना लागत नाही. ‘नियम लिहिला, तरी जातंय’ या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. वर सांगितलेला ४४५ चा नियमही याच कारणाने पोर्टवर लावावा लागतो, कारण ऑफिसची मशीन बहुधा एकाच व्हीलॅनमध्ये असतात.

इन आणि आउट हे नेहमी स्विचच्या बाजूने बघायचं. व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर इन म्हणजे व्हीलॅन २० मधल्या मशीनकडून स्विचच्या आत येणारं. बहुतेक माणसं मशीनच्या जागी उभी राहून विचार करतात आणि उलटं लावतात. शक्य तिथे इनच वापरा : नको असलेलं पॅकेट दारातच पडतं, आणि कमी किमतीच्या कित्येक स्विचमध्ये आउट नसतंच.

एक यादी दाखवा ना, नुसतं तत्त्वज्ञान नको.

रामबागेच्या बाजूला एक शाळा आहे असं धरू. कार्यालय व्हीलॅन १० मध्ये, पत्ते १९२.१६८.१०.०. कॉम्प्युटर लॅब व्हीलॅन २० मध्ये, पत्ते १९२.१६८.२०.०. कॅमेरे व्हीलॅन ३० मध्ये. सर्व्हर १०.५ वर, लॅबला वापरायचा प्रिंटर १०.५० वर. मुलांनी इंटरनेट वापरावं, प्रिंट काढावी, पण कार्यालयातल्या फीच्या आणि निकालांच्या फायलींपर्यंत पोचू नये, एवढीच मुख्याध्यापिका बाईंची अपेक्षा आहे. व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर, इन :

१. कोणाकडूनही, यूडीपी ६८ वरून ६७ कडे : जाऊ द्या.
२. लॅबकडून १९२.१६८.१०.५ ला, पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी : जाऊ द्या.
३. लॅबकडून १९२.१६८.१०.५० ला, टीसीपी ९१०० : जाऊ द्या.
४. लॅबकडून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पत्त्याला : अडवा.
५. लॅबकडून कुठेही : जाऊ द्या.

पहिला नियम डीएचसीपीचा, म्हणजे मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेचा. त्यात ‘लॅबकडून’ असं लिहून चालत नाही, कारण मशीनला अजून पत्ताच मिळालेला नसतो, ते ०.०.०.० वरून विचारत असतं. हा नियम विसरला तर गंमत अशी की त्या दिवशी सगळं चालतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केली की एकेकाला पत्ता मिळेनासा होतो. दुसरा नियम डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. टीसीपी ५३ ला अनेक जण फाटा देतात. मोठी उत्तरं टीसीपीवरून येतात, त्यामुळे देऊ नये.

चौथा आणि पाचवा यांची अदलाबदल केली तर पूर्ण यादी निरुपयोगी होते, कारण ‘कुठेही जाऊ द्या’ आधीच जुळतो. आणि पाचव्यात ‘कोणाकडूनही’ असं न लिहिता ‘लॅबकडून’ लिहिलं आहे ते मुद्दाम. खोटा पत्ता लावून बाहेर पडू बघणारं मशीन त्यामुळे तळाच्या न दिसणाऱ्या नियमात अडकतं.

चौथ्या नियमाने स्विचचं स्वतःचं लॉगिनचं पानही मुलांना बंद होतं, हा वरचा फायदा. पण फायरवॉलवर इंटरनेटसाठी लॉगिनचं पान ठेवलं असेल आणि तिचा पत्ताही १९२.१६८ मधलाच असेल, तर तेही बंद होईल. तिच्यासाठी चौथ्याच्या आधी एक ओळ घाला.

कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनवर ‘आत कुठेही जाऊ नका’ लावलं, तर ऑफिसमधून कॅमेरेच दिसेनासे झाले. आम्ही तर ऑफिसवर काहीच लावलं नाही!

हाच तो विसराळूपणा. ऑफिसच्या कॉम्प्युटरने कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला विचारणा केली, ती पोचली. रेकॉर्डरने उत्तर दिलं, ते व्हीलॅन ३० मधून बाहेर पडताना तुमच्या नियमात सापडलं : ‘३० कडून १० कडे, अडवा’. फायरवॉल असती तर तिला आठवलं असतं की ही बोलणी ऑफिसनेच सुरू केली होती. स्विचला आठवत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक पॅकेट नवं.

टीसीपीपुरता एक उपाय आहे. जोडणीची पहिली विचारणा सोडली तर टीसीपीच्या चालू जोडणीतल्या प्रत्येक पॅकेटवर एसीके नावाचा बिट लागलेला असतो. बऱ्याच स्विचवर ‘एस्टॅब्लिश्ड’ असा शब्द नियमात घालता येतो. त्याचा अर्थ : एसीके किंवा आरएसटी बिट असेल तरच जुळलं समजा. मग ‘रेकॉर्डरकडून ऑफिसला, टीसीपी, एस्टॅब्लिश्ड : जाऊ द्या’ ही ओळ अडवण्याच्या ओळीच्या वर घाला. रेकॉर्डर उत्तर देऊ शकेल, स्वतःहून जोडणी सुरू करू शकणार नाही. कोणी मुद्दाम एसीके लावून पॅकेट पाठवलं तर ते या नियमातून निसटेल हे खरं, पण समोरचं मशीन अशी जोडणी ओळखत नाही आणि झिडकारतं.

यूडीपीला असा बिट नाही. कॅमेऱ्याचा व्हिडिओ यूडीपीवरून येत असेल, तर बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीसीपी निवडा, ते सोपं पडतं. यूडीपीसाठी मोठमोठ्या रेंज उघडत बसलात तर फिल्टर नावापुरता उरतो आणि टीकॅमही भरते. आणि जिथे खरोखर आठवण ठेवणारा पहारा हवा आहे, उदाहरणार्थ दवाखान्यात रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर, तिथे तो व्हीलॅन स्विचवर न जोडता फायरवॉलमधून फिरवा. सगळं स्विचवर करायचा हट्ट नको.

वाइल्डकार्ड मास्क उलटा का असतो?

वाइल्डकार्ड मास्क म्हणजे पत्त्याचा कोणता भाग जुळायला हवा हे सांगणारा आकडा. सिस्कोच्या पद्धतीत ०.०.०.२५५ याचा अर्थ ‘पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत, शेवटचा काहीही चालेल’. सवयीने तिथे २५५.२५५.२५५.० लिहिलं तर स्विच कुरकुर करत नाही, उलटा अर्थ घेतो : शेवटी शून्य असलेला जगातला कुठलाही पत्ता. असा नियम कोणालाच लागत नाही आणि तुम्ही तासभर केबल तपासत बसता. सिस्कोच्याच नेक्सस स्विचवर आणि इतर अनेक कंपन्यांच्या स्विचवर सरळ /२४ (पहिले २४ बिट, म्हणजे पहिले तीन आकडे, जुळवा) लिहिता येतं.

पिंग बंद करून टाकू का? सुरक्षित म्हणतात.

पिंग चालतं ते आयसीएमपीवरून. ते सरसकट बंद करू नका. ‘पॅकेट मोठं आहे, तुकडे करता येत नाहीत’ हा निरोप आयसीएमपीवरूनच येतो (प्रकार ३, कोड ४). तो अडला की काही साइट अर्धवट उघडून लटकतात, व्हीपीएन जोडलं जातं पण त्यातून फाइल जात नाही, आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. शिवाय उद्या बिघाड शोधायला तुम्हालाच पिंग लागणार आहे.

यूट्यूब आणि इन्स्टाग्राम स्विचवरून बंद करता येईल का?

नाही. स्विचला साइटचं नाव दिसत नाही, पत्ता आणि पोर्ट दिसतं. शाळेचं परीक्षेचं पोर्टल ४४३ वर आणि यूट्यूबही ४४३ वर. पत्ते गोळा करून अडवायला गेलात तर ते रोज बदलतात आणि एकाच पत्त्यामागे पन्नास साइट असतात. हे काम फायरवॉलचं किंवा डीएनएस फिल्टरचं.

कोणीतरी घरून वायफाय राउटर आणून लावतं आणि अर्ध्या ऑफिसचं नेट जातं. एसीएलने थांबेल?

‘भिया, नेट बंद है’ असा फोन आला आणि मशीनला १९२.१६८.०.१०७ असा तुमच्या नेटवर्कात नसलेला पत्ता दिसला, की ओळखायचं. राउटर लॅनच्या भोकातून जोडलेला असतो आणि तोही डीएचसीपीचे पत्ते वाटत सुटतो.

एसीएलने थांबतं : कर्मचाऱ्यांच्या पोर्टवर, इन, ‘यूडीपी, ६७ वरून येणारं : अडवा’. डीएचसीपीची उत्तरं ६७ वरूनच निघतात आणि कर्मचाऱ्याच्या मशीनने ती द्यायचं कारणच नाही. स्वस्त स्मार्ट स्विचवर हाच मार्ग. पण स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग असेल तर तेच वापरा. त्यात खऱ्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट विश्वासाचा म्हणून सांगायचा, बाकी सगळे आपोआप अविश्वासाचे. वरच्या स्विचकडे जाणारा पोर्ट विश्वासाचा करायला मात्र विसरू नका, नाहीतर चालू करताच कोणालाच पत्ता मिळणार नाही.

स्नूपिंगचा मोठा फायदा पुढे आहे. कुठल्या पोर्टवरच्या कुठल्या मॅकला कुठला पत्ता दिला याचा तक्ता स्विचकडे तयार होतो. त्यावर आयपी सोर्स गार्ड (दिलेला पत्ता सोडून दुसऱ्या पत्त्यावरून बोलू न देणं) आणि एआरपीची (आयपी पत्त्यावरून मॅक शोधायच्या विचारणेची) तपासणी चालते. आयपीची एसीएल एआरपीला हात लावत नाही, कारण एआरपी आयपीच्या आत नसतोच. खोट्या एआरपीने ‘गेटवे मीच’ असं सांगून मध्ये बसणारा माणूस तुमच्या सुंदर यादीच्या शेजारून निघून जातो. आयपी पत्ता हाताने टाकलेल्या मशीनची, प्रिंटरची आणि हजेरीच्या यंत्रांची नोंद त्या तक्त्यात आधी हाताने घाला, मगच तपासणी चालू करा.

मॅक पत्त्यांची यादी करून फक्त आपलीच मशीन आत घेतली तर?

कारखान्यातल्या न हलणाऱ्या यंत्रांसाठी चालेल. फोनसाठी नाही : ॲण्ड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःहून बनावट मॅक दाखवतात. लॅपटॉपचा मॅक तर दोन मिनिटांत बदलता येतो. खरी ओळख तपासायची असेल तर ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय पोर्ट न उघडणारी पद्धत) बघा. त्याला सर्व्हर लागतो आणि धीरही.

आम्ही आयपीव्ही६ वापरत नाही. मग त्याचा विचार कशाला?

आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत. तुम्ही ती वापरत नसाल, विंडोज वापरतं. केबल लावली की ते स्वतःला एफई८० ने सुरू होणारा पत्ता देतं आणि त्याच व्हीलॅनमधल्या शेजाऱ्याशी त्यावरून बोलू शकतं. तुमचा ४४५ चा नियम आयपीव्ही४ चा असेल, तर तीच फाइल आयपीव्ही६ वरून आरामात जाते. पोर्टवर दोन्ही प्रकारच्या याद्या लावा. मात्र आयपीव्ही६ मध्ये शेजाऱ्याचा शोध आयसीएमपीव्ही६ वरून होतो (प्रकार १३५ आणि १३६). तो अडवला तर काहीच चालणार नाही. सिस्कोच्या आयओएसमध्ये तळाच्या ‘सगळं अडवा’च्या आधी हे दोन सोडलेले असतात, पण तुम्ही स्वतः शेवटी ‘सगळं अडवा’ लिहिलंत तर ती सवलत जाते. शिवाय आरए गार्ड असेल तर चालू करा, कोणी स्वतःला आयपीव्ही६ चा राउटर म्हणून जाहीर करू नये म्हणून.

वायफायवरचे पाहुणे एकमेकांना दिसतात. स्विचवर नियम लावला, फरक पडला नाही.

पडणारच नाही. एकाच ॲक्सेस पॉइंटवरचे दोन फोन बोलतात तेव्हा पॅकेट ॲक्सेस पॉइंटमधूनच परत फिरतं, केबलवर उतरतच नाही. तिथे क्लायंट आयसोलेशन चालू करा.

मायक्रोटिक कंपनीच्या पेटीवर ब्रिज फिल्टर लिहिलं, गणक (नियम किती पॅकेटना लागला तो आकडा) शून्यच दाखवतो.

हार्डवेअर ऑफलोड (फ्रेम पुढे पाठवायचं काम चिपकडे देणं) चालू असेल तर पोर्टपासून पोर्टकडे जाणारी फ्रेम स्विचच्या चिपमधूनच निघून जाते. ब्रिज फिल्टर प्रोसेसरवर असतं, त्याला ती दिसत नाही. ऑफलोड बंद केलं तर फिल्टर चालेल, पण सगळा भार प्रोसेसरवर येईल. चिप परवानगी देत असेल तर स्विच मेनूमधल्या नियमांत लिहा.

शून्य गणकाचा अनुभव सिस्कोच्या कॅटलिस्टवरही येतो. यादीसमोरचे आकडे प्रोसेसरने बघितलेल्या पॅकेटचे असतात, चिपने अडवलेली त्यात धरलेली नसतात. शंका असेल तर पोर्ट मिरर करून (त्याच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर काढून) वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. तिथे खोटं बोलायला वाव नाही.

दुरून नियम लावताना मीच बाहेर फेकला गेलो तर?

तुम्ही विजयनगरला घरी आणि स्विच पीथमपूरला, अशा वेळी हा प्रश्न फार खरा असतो. सिस्कोच्या आयओएसमध्ये इंटरफेसला अशी यादी लावली जी अजून लिहिलेलीच नाही, तर सगळं जाऊ दिलं जातं. पण तिची पहिली ओळ टाइप करून एंटर दाबलं की तळाचं ‘सगळं अडवा’ जागं होतं आणि दुसरी ओळ टाइप करायला तुम्ही आत नसता. म्हणून आधी यादी पूर्ण लिहा, मग लावा.

त्याआधी परतीची वाट ठेवा. सिस्कोवर दहा मिनिटांनी रीलोड व्हायला सांगून ठेवता येतं : अडकलात तर स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर येतो, सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द करून मगच सेव्ह करायचं. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, तो दहा मिनिटांत दुजोरा न मिळाल्यास मागे जातो. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड. काहीच नसेल तर कारखाना बंद असताना प्रत्यक्ष जाऊन करा, कन्सोलची केबल खिशात घेऊन.

अडवलेल्या पॅकेटचा लॉग ठेवायचा का?

प्रत्येक नियमावर लॉग लावू नका, लॉगसाठी पॅकेट प्रोसेसरकडे जातं आणि तोच स्विचचा कमकुवत भाग. शेवटच्या ‘अडवा’ ओळीवर, तेही शोध चालू असेपर्यंत, पुरे. जे ठेवाल ते स्विचवर न ठेवता लॉग गोळा करणाऱ्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायला आणि घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेऊन) जुळवायला सांगितलं आहे, सायबर घटना सहा तासांत कळवायची असं बंधनही त्यात आहे. तेव्हा यादी लिहिताना एनटीपीचं यूडीपी १२३ चुकून अडवलं नाही ना, ते बघा. वेळ चुकलेल्या लॉगचा चौकशीत काही उपयोग होत नाही.

सराव कुठे करायचा? चालू नेटवर्कवर हात कापतात.

सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा कॉम्प्युटरवरच नकली नेटवर्क उभं करणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो, वर दिलेली शाळेची यादी त्यात जशीच्या तशी उभी करता येते. टीकॅम आणि गणकांची खोड त्यात कळत नाही, तेवढ्यासाठी एखादा जुना मॅनेज्ड स्विच मिळाला तर घ्या. मात्र रॅकमधला स्विच घरी चालू केलात तर त्याच्या पंख्याच्या आवाजाने घरचे वैतागतील, गच्चीवरची खोली बघून ठेवा. लिनक्स येत असेल तर ब्रिज बनवून त्यावर एनएफटेबल्स या लिनक्सच्या फिल्टरचे नियम लिहा, वरून खाली जुळवत जाण्याची सवय तिथेही तशीच लागते. एक ध्यानात ठेवा : तिथे शेवटी न दिसणारं ‘अडवा’ नसतं. साखळीचं, म्हणजे नियमांच्या यादीचं, धोरण तुम्ही सांगितलं नाही, तर ते ‘जाऊ द्या’ असतं.